बिडाचा पाईप

टाकाळ्याच्या चढाला आमचं घर.
पुढून बघाल तर तळघर जमिनीच्या पोटात,
मागच्या बोळातून आलात तर सरळ उंबऱ्यावर.
म्हणून अण्णांची खाट खाली न्यायचं ठरलं,
चाकाच्या खुर्चीला तिथं पायरी आडवी येत नाही.
अडचण एकच:
माणूस खाली, संडास वर.

शनिवारी इलाही मुजावर आला.
कानामागे खडू,
खांद्यावर पाणी भरलेली पारदर्शक नळी.
एक टोक मी धरलं चेंबरपाशी,
दुसरं सुहेलनं जिन्याखाली.
दोन्हीकडचं पाणी थरथरलं, थांबलं.
"जिन्याखाली नाही जमायचं, ताई.
मेन लाईन वर ऱ्हातीया, भांडं खाली.
तुम्ही माझं ऐकशीला, मी तुमचं ऐकीन,
पाणी कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

मग भांडं सरकलं साडेतीन फूट,
मोरी खिडकीकडं गेली,
आणि वरून उतरणारा जुना पाईप
नेमका वाटेत उभा.
चार इंची, बिडाचा,
सांध्यांपाशी गंजून तांबूस.
"ह्यो कापू. पीव्हीसी टाकू वरपर्यंत.
भंगारवाला किलोवर न्हेईल."
सुहेलनं ग्राइंडरची पिन लावलीसुद्धा.

तेव्हा अण्णांचा डावा हात पाईपावर गेला.

उजवा चैत्रापासून मांडीवर असतो,
कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा.
याच दोन हातांनी एकतीस वर्षं
उद्यमनगरात वाळूचे साचे भरले,
लालभडक बीड ओतलं.
भुवया तेव्हाच जळाल्या,
पुन्हा नीट उगवल्याच नाहीत.
हा पाईप त्यांच्या फौंड्रीतला नव्हे, मला माहीत आहे.
त्यांच्याकडं पंपांच्या बॉड्या व्हायच्या.
तरी ते त्यावर बोटं फिरवत होते,
गाठ कुठं राहिली, पोकळी कुठं धरली,
ओतणाऱ्यानं घाई कुठं केली.
मग इलाहीच्या पिशवीकडं बघितलं.
त्यानं न विचारता पाना दिला.

टण्ण.

वरून, स्वयंपाकघरातून आई ओरडली,
"काय हवंय?"

त्यांचे शब्द जाऊन पाच महिने झाले होते.

इलाहीनं ग्राइंडरची वायर गुंडाळून ठेवली.
विडी पेटवली, माझ्याकडं बघून विझवली.
"प्लास्टिकला असा आवाज न्हाई," म्हणाला,
एवढंच.
पाईप गुडघ्याखाली कापला,
तिथून पुढं पीव्हीसी, रबरी कपलिंग, नवा उतार.
वरचा सगळा जिथल्या तिथं.
त्यापायी मोरी आणखी नऊ इंच सरकली,
दार आता उलटं उघडतं,
आणि टॉवेलचा खिळा कुठं मारावा
हे अजून ठरत नाही.
अकराशे रुपये वाढले.
मी बोलले थोडं. तो ऐकून घेत राहिला.

जाताना त्यानं बादलीभर पाणी ओतलं.
आम्ही चौघं वाकून बघत होतो,
अण्णा खुर्चीतून.
जाळीपाशी पाणी जरा घुटमळलं,
भोवरा झाला, गेलं.
अण्णांनी बोटानं दाखवलं: कोपऱ्यात अर्धा इंच साचतंय.
साचत नव्हतं.
"व्हय काका, करतो की बरोबर," इलाही म्हणाला
आणि चिमूटभर सिमेंट घेऊन
काहीच न करता थापी फिरवत बसला.

आता पाना खाटेच्या कडेला टांगलेला असतो.
एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे उचला.
परवा मध्यरात्री सलग सात झाले.
मी धावत गेले. काही नको होतं.
ते नुसते कान लावून बसलेले.
आणि वरून, ओट्याशेजारून,
पळीनं कुणीतरी उत्तर देत होतं.

आई त्यांच्याशी एवढं बोललेली
मला आठवत नाही.