चाळीस पावलं

उताऱ्यावर पावणेदोन एकर.
उत्तरेला नाला, नाल्यापलीकडे सातपुडा सुरू,
दक्षिणेला प्रल्हाद महाजनाची केळी,
आणि मधून, माझ्या हरभऱ्यातून तिरकी,
हरणांची वाट.
मोजली मी. बांधापासून बांधापर्यंत चाळीस पावलं.
त्याआधी ती कुणाची, त्यानंतर कुणाची,
तलाठ्याला विचारायची सोय नाही.

माळा घालायचा तर रुमाल्याला बोलव, सगळेच म्हणाले.
रुमाल्या पावरा आला, खांद्यावर कुऱ्हाड,
आणि सकाळभर कुऱ्हाडीला हात लावला नाही.
वाटेवर उकिडवा बसून राहिला.
लेंड्या बोटांत चुरडल्या,
ढेकळावरचा खूर अंगठ्यानं चाचपला,
म्हणाला, मादी आहे. मागे पाडस. परवाचं.
मग चिमूटभर राख हवेत सोडली.
राख केळीकडे गेली.
"आठे नही. तठे."

मी दाखवलेल्या बाभळीला निदान बसायला फांदी होती.
त्यानं निवडलेला अंजन सरळसोट, उघडा.
पण रात्री सातपुड्यावरून गार वारा उतरतो
तो आधी वाटेवरून येतो, मग अंजनावर.
म्हणजे तिचा वास आपल्याला,
आपला वास महाजनाच्या केळीला.

चोपडा डेपोत एकतीस वर्षं मी टायर काढले, टायर बसवले.
माळ्यात माझं तेवढंच:
जिथं लाकडाला लाकूड लागलं तिथं जुन्या ट्यूबची पट्टी,
कूस बदलली तरी करकर नको.
रुमाल्यानं वर चढून नाचून पाहिलं.
काहीच वाजलं नाही.
तेव्हा पहिल्यांदा हसला तो. वरचे दोन दात नाहीत.

बायको म्हणाली, राखणीलाच जाताय ना?
मग आवाज होऊ नये म्हणून एवढी खटपट कशाला?
राखणदारानं तर डबा बडवायचा असतो.
मला उत्तर सुचलं नाही.
डबा मी घरीच विसरलो.

पौषातली रात्र. हरभऱ्यावर आंब धरलेली,
येताना पोटऱ्या चुरचुरल्या.
महाजनाची मोटर मध्येच थांबली, लाईट गेली असणार,
आणि इतकं शांत झालं
की रुमाल्याच्या छातीतली घरघर ऐकू यायला लागली.
बिडी नको, हे त्यानंच सांगितलेलं.
तो न पेटवलेली बिडी चघळत होता.

ती आली.
आधी नव्हती, मग होती. मधलं काही दिसलंच नाही.
चिंकाऱ्याची शेपटी सारखी हलते, तेवढी हलत होती.
मागे पाडस.
घाटे ओरबाडल्याचा बारीक आवाज.
माझेच घाटे.

रुमाल्यानं डावा हात लांब केला. मूठ वळली.
उजवा हात कानापर्यंत ओढत नेला, हळू,
दंडाची शीर उभी राहीपर्यंत.
हातांत काहीही नव्हतं.
धनुष्य बापाचं होतं, ते फॉरेस्टवाल्यांनी नेलं,
हा तेव्हा बकऱ्यांमागे फिरण्याएवढा.
श्वास धरला.
जिभेनं एकदाच, टक्.

मादीनं मान वर केली,
एक पाय आपटला,
आणि पुन्हा हरभऱ्यात तोंड घातलं.

"लागला," रुमाल्या म्हणाला,
आणि पिशवीतून भाकर काढली.

काल त्याची सून अडली होती, म्हणून मी एकटाच.
दोनच्या सुमाराला ती आली, तिथंच.
इकडंतिकडं पाहिलं मी,
जसं कुणी महाजन केळीतून बघत असेल,
आणि डावा हात लांब केला.
पाना फिरवून जाड झालेला हात. थरथरला.
ओढलं. सोडलं.
टक् जरा मोठ्यानं झालं.

गेली.
पाडस बांधापाशी अडलं क्षणभर, मग तेही.

सकाळी वाटेवर खूर खोल रुतलेले, नख्या फाकलेल्या.
बायकोनं विचारलं, किती खाल्लं आज?
मी म्हणालो, चुकला.
ती बघत राहिली.

संध्याकाळी रुमाल्या पेढे घेऊन आला, नात झाली.
पेढा तोंडात असतानाच त्याला सगळं सांगितलं.
त्यानं नीट ऐकून घेतलं, मग विचारलं,
"पह्यले राख सोडी व्हती का?"