ऑगस्टचं ड्युटीपत्रक

सकाळी आठला, मी निघताना,
गुरनुले सिस्टरनं कागद पुढं सरकवला,
वर पेन्सिल ठेवली.
"नवीन हायेस म्हणून इचारते. मले कोनं इचारलं नव्हतं.
दिवस का रात, लिहून जा.
पेनानं नको."

लोनबले सुचिता.
नावासमोर एकतीस रिकामी घरं.

दिवस मला पाठ आहे.
चहाच्या टपरीपर्यंत गेलेली ओपीडीची रांग,
लसींची मोजणी, फ्रिजचं तापमान दोनदा,
रजिस्टर, आणि त्या रजिस्टरचं रजिस्टर.
पण विचारायला कुणीतरी असतं.
शीर सापडली नाही की मडावी सिस्टर येते,
न बोलता माझ्या हातातली सुई घेते,
मी दंड धरून उभी राहते.
साडेपाचची बस. घरी भात गरम.

रात्रीबद्दल जो तो आपलं सांगतो.
वॉर्डबॉय मसराम म्हणतो, मागच्या खोलीकडं पाहू नको.
मामा म्हणतो, नागभीडच्या रस्त्यावर वाघीण आहे, पिलांची.
आत्या म्हणते, रातपाळीच्या पोरीले पावणे येत नाहीत.
मला यातल्या कशाचीच भीती नाही.
वाघिणीची थोडी.

भीती आहे ती फोनची.
डॉक्टर क्वार्टरमध्ये झोपलेले,
भिंतीवर खडूनं त्यांचा नंबर,
आणि मधे मी:
उठवायचं, की नाही.

सवय व्हावी म्हणून चार रात्री दिल्या होत्या.
पहिल्या रात्री उठवलं, पावणेतीनला.
एका आजोबांची नाडी मला लागेना.
डॉक्टर लुंगीवर आले, छत्री घेऊन.
आजोबांनीच त्यांना विचारलं, जेवलास का बाबू?
डॉक्टर काही बोलले नाहीत.
माठातलं पाणी प्यायले, गेले,
छत्री विसरून.

तिसऱ्या रात्री रोवणीवाल्या बायांनी
एक पोरगी आणली. पोट दुखते म्हणे.
"काही चावलं का?"
"नाही व माय. खाली निजली होती, आमच्याच संगं."
अंगावर खूण नाही.
पायाच्या बोटांमधला चिखलही पुसून पाहिला.
छत्री कोपऱ्यात तशीच उभी होती.
पोटदुखीचं इंजेक्शन मी भरलंही,
आणि उगाच म्हटलं, इकडं बघ.

पापण्या अर्ध्यावर थांबल्या होत्या,
अडकलेल्या शटरसारख्या.
"डोळे उघड."
"उघडेच हायेत ना," ती म्हणाली,
आणि तिचा आवाज नाकातून आला.

मण्यार.
भिंतीकडं मी पाहिलं नाही.
नंबर बोटांना कधीच पाठ झाला होता,
मला कुणी सांगितलं नव्हतं.

लसीच्या दहा बाटल्या, पहाटेची ॲम्ब्युलन्स,
मसराम फुगा दाबत मागं बसलेला.
काल चंद्रपूरहून निरोप आला:
नळी काढली. भात मागते.

आता यावरून मी काय लिहू?
दिवसा ती रांगेत एकशेचाळिसावी असती.
मला पापण्या दिसल्या असत्या का?
कदाचित असत्या.
कदाचित मडावी सिस्टरनं माझ्याआधी पाहिल्या असत्या
आणि मी दंड धरून उभी राहिले असते.

'रा' लिहिलं. खोडलं.
कागद तिथं मऊ पडला.
परत लिहिलं, इतकं पुसट
की तिरपा धरल्याशिवाय दिसू नये.
गुरनुले सिस्टरनं तिरपा धरला.
"छत्री देऊन ये सायबाची," एवढंच म्हणाली.

घरी आई नव्हती, रोवण्याला गेलेली.
माझ्या खोलीच्या खिडकीवर
राईसमिलचं पोतं ठोकलेलं,
चार खिळे, त्यावरचा हत्ती उलटा.
चटई गुंडाळून ठेवलेली. बाजेवर अंथरूण.
मी तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

पोत्याच्या विणीतून उन्हाचे बारके ठिपके
चादरीवर पडले होते.
मोजायला लागले.
एकतीसच्या आत कुठंतरी झोप लागली.