ओतियाची पट्टी

कुताइसीत रिओनी नदी दगडांवरून आदळत जाते
आणि पुलाजवळच्या खोलीत तिची उंची
दर दहा मिनिटांनी एका जुन्या लिनक्स मशीनमध्ये उतरते.
म्हणजे, उतरायची.
शुक्रवारी बादरीने अपडेट टाकलं
आणि नदी बंद पडली.

नदी नव्हे, तिची केबल.
पण पडद्यावरची रेघ सपाट झाली की
आम्हाला दोन्ही सारखंच.

लॉग उघडला.
कर्नल कुणाची बाजू घेत नाही,
घडलं ते वेळेसकट लिहून ठेवतो:
यूएसबी जोडलं. चिप ओळखली. ड्रायव्हर बसला.
पोर्टला नाव मिळालं, शून्य क्रमांकाचं.
पुढच्याच सेकंदाला: तुटलं.
बारसं उरकेपर्यंत बाळच गायब.

मग आमचं नेहमीचं,
चोर सोडून संन्याशाला फाशी.
तीन केबली कचऱ्यात गेल्या.
मॉड्यूल काढलं, घातलं, काढलं, घातलं.
पुढचं पोर्ट, मागचं पोर्ट,
बादरीने तर आत फुंकरही मारली.
दोदो दारात येऊन म्हणाली,
खालच्या गावांना काय सांगू?
म्हटलं, टॉर्च घे, खांबावरचे आकडे वाच.
ती गेली, भिजून आली,
दोनशे बारा, म्हणाली, आणि बूट आपटले.

रविवारी रात्री दोन ओळींच्या मधे तिसरी दिसली.
होती ती पहिल्यापासून.
आम्हीच तिच्यावरून घाईने घसरत होतो.
तोच धागा आणखी कुणीतरी मागत होतं.
नाव: बीआरएलटीटीवाय.
व्यंजनांचे डोंगर सहज गिळणारे आम्ही जॉर्जियन,
पण ते नाव म्हणताना आम्हालाही पाणी लागलं.

ब्रेलची पट्टी चालवणारा प्रोग्राम तो.
नदीच्या केबलमध्ये जी स्वस्तातली चिप,
तीच त्या पट्टीच्या पोटात. तोच क्रमांक.
दाराशी कुणी आलं की
तो आपला उठतो, हात पुढे करतो,
आलास का, म्हणतो,
आणि नदीला पट्टी समजून धरून बसतो.

काढून टाक, बादरी म्हणाला.
सगळे तेच करतात. एक कमांड.
त्याने ती टाइपही केली,
कर्सर तिच्या टोकाशी लुकलुकत राहिला.
इथे आंधळं कोण आहे?

मी उजवीकडचा खण उघडला.
आत फडक्याची रिकामी घडी, तिच्यावर पट्टीच्या आकाराचा खळगा.
ओतियाची पट्टी महिनाभर तिबिलिसीत दुरुस्तीला,
ओतिया महिनाभर घरी.
रात्रपाळी त्याची. बोटांनी नदी वाचायचा
आणि फोन फिरवायचा गावोगाव.
महिना म्हणजे किती? तेवढ्यात
आमच्या खोलीतून तो पुसला गेला होता.

बादरीने कमांड मागून पुढे, एकेक अक्षर, खोडली.
काही बोलला नाही. कान तेवढे लाल झाले.

मग नियमांची फाइल.
सरसकट ओळीआधी एक चौकडी टाकली,
ती निजली.
खाली नवी ओळ: हाच क्रमांक,
पण पट्टीचं स्वतःचं नाव असेल तरच.
नावाला एक अक्षर चुकलं, पुन्हा केलं.
एक स्वल्पविराम राहिला, पुन्हा केलं.
आणि वरती, मशीन जे वाचत नाही त्या जागेत, लिहिलं:
ओतियाची पट्टी. काढू नये.

नियम परत वाचायला लावले. केबल खोचली.
जोडलं. ओळखलं. बसला.
एक सेकंद. दोन. आम्ही दहापर्यंत मोजलं.
दोनशे एकोणतीस, नदी म्हणाली.

तो गुरुवारी आला, पट्टी काखेत.
झालं काय होतं, त्याने विचारलं.
मी सांगितलं, तुमचा प्रोग्राम, हाताला लागेल त्याला
तुमची पट्टी समजत होता.
ओतिया हसला. म्हणजे त्यालाही दिसत नाही तर.
मग खुर्ची ओढली, बोटं ठेवली,
टाचण्या उठल्या, बसल्या, उठल्या,
आणि हसू तिथेच थांबवून तो म्हणाला,
दोदो, फोन दे.