शून्य बाइट

पुंता अरेनासमध्ये रस्त्याकडेला दोर बांधलेले असतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
त्या गावात एदुविहेस बारिएन्तोसनं पैज लावली :
वारा एकदा पडला होता.
कधी, ते आठवत नाही. पण लिहून ठेवलंय.

बेकरीवाला येर्को मातुलिच पीठ झटकत हसला.
दाखव मग. हरलो तर महिनाभर पाव फुकट.

लिहून ठेवलंय खरं, पण कुठे?
एकतीस वर्षांच्या नोंदी
तीन कॉम्प्युटरांतून बिऱ्हाड हलवत
या जुन्या लॅपटॉपवर आलेल्या, ज्यात भाच्यानं, निबाल्दोनं,
लिनक्स घातलं आणि म्हणाला, आता मरेपर्यंत चालेल.
(कोण मरेपर्यंत, ते बोलला नाही.)
फोल्डरात फोल्डर, त्यात ‘नवीन’, त्यात ‘खरंच नवीन’,
त्यात ‘हे पुसू नको’.

लोकेट चपळ. विचारायचा अवकाश, हजर.
पण त्याला फक्त नावं ठाऊक,
लग्नघरातल्या काकांसारखा,
सगळ्यांना हाक मारणार
आणि कुणाच्या पोटात काय आहे ते विचारणार नाही.
फायलींना तिनं नावं काय दिली होती?
तारखा. नुसत्या तारखा.

ग्रेप आत शिरतो, ओळ न् ओळ चाळतो.
तिनं टाकलं : शांत.
चार हजार एकशे बारा ओळी.
आज शांत नाही.
रात्रीही शांत नाही.
शांत होईल म्हणाले होते, झालं नाही.
‘नाही’ त्याला दिसतं, कळत नाही.

मग निबाल्दोनं फोनवरून सुचवलेला तो नवा, खिडकीवाला.
तो म्हणे आधी सगळं वाचून सूची करतो.
वाचत बसला रात्रभर.
लॅपटॉपचा पंखा असा भणाणला
की टेबलावरची विजेच्या बिलाची पावती उडाली.
बाहेर ताशी नव्वद, आत हा.
तिनं उशी कानावर ओढली
आणि दोघांना मिळून एकच शिवी दिली.

सकाळी तो तयार, चकचकीत.
पडला, थांबला, निवांत, पान हललं नाही,
सगळं विचारून झालं. त्यानंही हात आखडता घेतला नाही :
उडालेले पत्रे, उलटलेली होडी,
नवऱ्याची टोपी, सामुद्रधुनीच्या दिशेनं
(टोपीच फक्त; नवरा त्यानंतर नऊ वर्षं होता).
ती वाचत राहिली. चहा गार झाला.
पैज होती हे तासभर लक्षातच नव्हतं.

आणि मग तिला आठवलं. दिवस नाही, हात आठवले.
पहाट. काठीवरची पट्टेरी पिशवी
वाळत घातलेल्या मोज्यासारखी लोंबतेय.
फाइल उघडलेली, बोटं कळांवर.
वेग? दिशा?
तिनं सेव्ह केलं आणि बाहेर पडली.
दोर न धरता.

ज्यात अक्षर नाही
ते वाचून कुणाला सापडणार?

उरला फाइंड, सगळ्यांत म्हातारा.
सूची-बिची ठेवत नाही, दरवेळी पायी निघतो,
दार न् दार ठोठावतो,
कुणी ‘परवानगी नाही’ म्हटलं तर पुढच्या दाराशी.
पण त्याला वजन विचारता येतं.
तिनं विचारलं : रिकाम्या कुठल्या?

सात निघाल्या.
तीन आजारपणातल्या, एक वीज गेली तेव्हाची,
दोन कशा झाल्या देव जाणे.
सातवी, मे महिन्यातली. पहाटे चार दहा. शून्य बाइट.

लॅपटॉप तिनं शालीत गुंडाळून बेकरीत नेला.
येर्कोनं चष्मा पुसला. पांढरा पडदा, लुकलुकता कर्सर.
यात काहीच नाही, तो म्हणाला.
तेच तर, ती म्हणाली.
त्याचं पिठाचं बोट कळेकडे गेलं तशी ओरडली,
हात नको लावूस! एक अक्षर पडलं तरी बिघडेल.

मागे शटर खडखडत होतं.
तो बराच वेळ बघत राहिला.
पंधरा दिवस, शेवटी म्हणाला. महिना नाही.
आणि गोड पाव धरायचा नाही.