पावणेपंच्याहत्तर

मार्चअखेर मी ठरवलं होतं, जुनी दोन-सात आता सोडायची.
माझं चाचणीचं अवजार आठ वर्षांचं झालंय.
दुसऱ्यांचे प्रोग्राम तपासतं, हिरवा ठिपका, लाल ठिपका,
पण त्याच्या पोटात दर चार ओळींनी एक अट:
जुनी असेल तर असं, नवी असेल तर तसं.
नवीला छापताना कंस लागतो, जुनीला चालतं तसंच.
पाचाला दोननं भागलं की नवी म्हणते अडीच,
जुनी म्हणते दोन,
आणि गप्प बसते.
एका घरात दोन चुली
आणि दोन्हींवर तोच भात.

घोषणा लिहून ठेवली. पाठवणार तेवढ्यात वीज गेली;
जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या पेटल्या
की आमच्या गल्लीतला पंखा आधी मान टाकतो.
अंधारात फोन.
"ताई, मी मुंजाजी. बियाण्याच्या लॅबमधून.
भाच्यानं तुमचं ते तपासायचं बसवून देलं होतं.
सकाळधरून लाल दाखवायलंय."

अंबड रस्त्याला, मोसंबीच्या वखारीमागं, दोन खोल्या.
ओल्या कागदाच्या सुरळ्या उलगडत
मुंजाजी चिमट्यानं मूग मोजत होते.
शंभरात शहात्तर. त्र्याहत्तर. पंच्याहत्तर. पंच्याहत्तर.
बेरीज दोनशे नव्व्याण्णव, भागिले चार.
संगणक म्हणाला, चौऱ्याहत्तर.
पंच्याहत्तरच्या आत माल नापास.
माझं अवजार म्हणत होतं:
अपेक्षित पावणेपंच्याहत्तर. मिळाले चौऱ्याहत्तर.
लाल.

मी तोंड उघडलं, भागाकार, पूर्णांक, आवृत्ती
असं काही सांगणार होते.
"म्हाईत हाय," मुंजाजी म्हणाले, "त्याला पाऊण येत न्हाई."
आणि खणातून वही काढली.
अकरा हंगाम.
प्रत्येक छापील आकड्याशेजारी शिसपेन्सिलीच्या उभ्या रेघा,
एक म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण,
वडलांच्या हाताखाली आडतीत शिकलेल्या.
एकही लॉट फुकट मेला नव्हता.

"मग नवी का नाही घेत?"
"कोंबाचे फोटो काढायचा क्यामेरा जुनीशीच बोलतो.
त्यो बदलायचा तर तीन लाख.
चालत्या गाडीची खीळ काहून काढायची, ताई?"
माझ्या खिशातल्या फोनमध्ये ती घोषणा होती.
मी तिच्याबद्दल बोलले नाही.

टेबलाच्या कोपऱ्यात नऊ मूग वेगळे ठेवलेले.
कोंब नाही, पण कुजलेलेही नाहीत.
एक नखानं दाबला. निसटला, खाली पडला,
मुंजाजींनी वाकून शोधून आणला.
"हे नापास ना?"
"न्हाई हो. हे कडक बी. पाणी घेतलं न्हाई अजून, बस.
गणतीत धरायचं,
पण येगळ्या रकान्यात."

रकाना.
आठ वर्षं मी दोनच ठेवले होते.

रात्री घोषणा पुसली नाही, नुसती बाजूला सरकवली.
हे काही औदार्य नव्हे. एकशे चाळीस ओळी वाढल्या,
तीन ठिकाणी तोच गुंता,
आणि नवीवाले म्हणणारच, ह्या म्हातारीला
किती दिवस खांद्यावर घेऊन फिरणार.
त्यांचंही बरोबर आहे.
पुढच्या मार्चला मी परत ठरवीन.
पण आता एक तिसरा ठिपका आहे, पिवळा.
त्याचा अर्थ: हे चुकणार हे ठाऊक आहे,
का चुकतं तेही इथं लिहिलंय,
आणि हिशेब कोणीतरी हातानं पुरा करतंय.
ज्या दिवशी ते आपोआप बरोबर येईल
त्या दिवशी अवजारानं ओरडून सांगावं.
त्या खुणेला नाव दिलं: कडक.

पहाटे दोन-सातवर सगळ्या चाचण्या सोडल्या.
चारशे अकरा हिरव्या.
एक पिवळी, तिच्याखाली शिसपेन्सिलीच्या रंगात
तीन उभ्या रेघा.

कुठंतरी भट्टी पेटली असणार.
पंखा थांबला.