जेवणाचं टेबल, फहाहील

सकाळपासून वादळ. शाळेचा निरोप : सुट्टी.
खिडकीच्या फटींत ओले टॉवेल कोंबले, तरी
धूळ आत आलीच
आणि टेबलावर पसरून बसली.

मी फडकं भिजवून आणलं, तोवर
शाल्मलीचं बोट फिरू लागलेलं.
एक मासा. माशाच्या पोटात जिना.
जिन्यावर खालचे हाशिमचाचा, किल्ल्यांसकट.
"आई, पुसू नकोस ना, ते अजून चढतायत."

फडकं सिंकच्या काठावर वाळलं.

मग लबानच्या बाटल्यांची निळी झाकणं आली,
खुब्जच्या पिशवीचं शीड झालं,
खजुराच्या बिया ओळीनं होडीत,
एकच पालथी.
"रुसलीय," शाल्मली म्हणाली, "का ते ओळख."
मला सुचलं होतं काहीतरी. गिळलं.
"तूच सांग."
"तिला समुद्र दिसत नाहीये."
आणि झाकण सरकवून तिनं
बीला समुद्र दाखवला.

रात्री रिफायनरीतून हा आला,
भुवयांतसुद्धा वाळू.
टेबलाकडे पाहिलं, ताट उचललं,
फरशीवर मांडी घालून वरणभात जेवला.
शेवटी एक खजूर.
बी धुतली, शर्टाला पुसली,
आणि ती झोपलेली, विचारणार कुणाला,
म्हणून होडीत जागा शोधत
कितीतरी वेळ
टेबलापाशी ओणवा उभा.