हॅशनंतरची ओळ

कार्ड तापकीर गल्लीतून आणलं, जुनं.
पंख्यात कुणाच्या तरी घरची धूळ.
बिलावर निळ्या शाईत लिहिलेलं:
गॅरंटी काउंटर सोडेपर्यंत.
मी काउंटर सोडला.

नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर
पोंक्षेबाईंचं अक्षरजुळणीचं दुकान.
दिवाळी अंकाची एकशे बारा पानं पोटात घेऊन
लिनक्सचं मशीन गप्प.
त्यात आज गुरुवार. वीज दहाला जाणार.
आत्ता सव्वाआठ.

बटण दाबलं. पांढरी अक्षरं धावली,
ओके ओके ओके करत,
आणि मग काहीच नाही.
काळ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात एक रेघ
उघडमीट करत राहिली.
लॉग उघडला. तीनशे ओळी इमानदारीनं लिहून
शेवटी म्हणतो, एकही स्क्रीन सापडली नाही.
अरे, ही काय समोर!
सतरा इंची, धड उचलवत नाही,
कपाळावर खंडेनवमीचं हळदकुंकू अजून.

म्हणजे फाइल हातानं लिहायची.
एका परिच्छेदात कार्डाचं नाव,
दुसऱ्यात मॉनिटरचं,
तिसऱ्यात दोघांची गाठ.
नाव काहीही ठेवा,
स्पेलिंग मात्र सगळीकडे एकच हवं.
हे मला सांगायला नको.
रेशनकार्डावर मी रिहाना, बँकेत रेहाना,
तांबोळीचा एच कधी असतो, कधी नसतो.

वारंवारता किती लिहू?
मॉनिटरच्या पाठीवरचं लेबल घामानं पुसलेलं.
अंदाजानं सत्तर लिहिलं.
तो शिट्टी मारायला लागला, बारीक, दातांत शिरणारी,
चित्र तिरकं होऊन चार ठिकाणी फाटलं.
"बंद कर गं, फुटेल तो!"
बाई चहाचा कप घेऊन दारातच थांबल्या.

नऊ पंचवीस.
त्याच फोल्डरमध्ये एक जुनी फाइल सापडली,
नाव: जपून ठेवा.
शिळीमकरची.
आठशे रुपयांवरून भांडून गेलेला,
आता नदीपलीकडे कुठेतरी, कर्वेनगरात म्हणे,
ज्याचं नाव या दुकानात काढायचं नाही.

हॅशनं सुरू होणारी ओळ मशीन वाचत नाही.
ओलांडून पुढे जातं.
ती मागून येणाऱ्या माणसासाठी असते.
रोमन लिपीत, मोडक्या स्पेलिंगची मराठी:

# चोपन्नच्या वर नेऊ नका. रडतो.
# बाईंना अक्षर मोठं लागतं. डावा डोळा. त्या सांगणार नाहीत.

खाली रुंदी बाय उंची.
मी टाइप करताना मोठ्यानं म्हणाले, "आठशे..."
बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

चोपन्न लिहिलं. एंटर.
एक क्षण करड्या, बारीक विणीवर
नुसती काळी फुली.
मग पान आलं, सत्तेचाळिसावं, एक कविता,
दुसऱ्या ओळीत वेलांटी चुकलेली.
बाईंनी लांबूनच ओळखली,
खुर्ची पुढे न ओढता.
"आज बरं दिसतंय," एवढंच म्हणाल्या.
कार्ड चांगलं निघालं असेल.

दहाला वीज गेली.
यूपीएस टुकटुक ओरडत होता, सात मिनिटं आहेत म्हणून.
पानं वाचवली, सगळी.
मग परत त्या फाइलमध्ये जाऊन
त्याच्या दोन ओळींखाली एक वाढवली.
"अजून काय लिहितेस?"
काही नाही म्हटलं. मशीनला लागत नाही ते.

# कार्ड बदललं. बाकी तुम्ही म्हणता तसंच.